गोणपाटाआडचा स्थिरांक

इन्फ्लुएन्झाने धाड गावाच्या आसपासची घरेच्या घरे मधूनच रिकामी केली. आईबाप गेले, आज्या आणि नातवंडे तेवढी उरली. त्यांना ज्वारी वाटण्याचे काम भगवानराव मास्तरांकडे आले. नागपुरात विज्ञान शिकलेले मास्तर देवावर, वैद्यावर आणि शेजाऱ्यांवर पुराव्याशिवाय विश्वास ठेवीत नसत. स्वतःवर ठेवीत, तिथे पुरावा मागण्याचे त्यांना कधी सुचलेच नव्हते.

‘रडणे हे मोजमाप नव्हे,’ असे बजावून त्यांनी नियम केला: पोरके मूल सोळा शेरांच्या आत भरले, तर आठवड्याला चार शेर ज्वारी, वर गेले, तर नाव कमी. चेहरे पाहून मन द्रवू नये, म्हणून काट्याच्या दोन पारड्यांमध्ये त्यांनी गोणपाट टांगले. पलीकडे आजीने मूल बसवून नाव सांगायचे, अलीकडे मास्तरांनी वजने टाकायची.

पहिला महिना आकडे वेगवेगळे आले. पुढे मात्र पाच घरांतली पाचही मुले बरोबर पंधरा शेर चौदा छटाक भरू लागली. पोरक्या बालकाचे वजन हा निसर्गाचा एक स्थिरांक असावा, अशा आशयाचा लेख मास्तरांनी लिहायला घेतला होता.

ईदनंतरच्या बाजारी रुखमाबाईचा नातू सोळा शेर दोन छटाक भरला. मास्तरांनी गोणपाटाआडून अभिनंदन करून त्याचे नाव कमी केले. मग गौसियाबीची नात अमीना आली: सोळा शेर दोन छटाक. पलीकडे कुजबुज झाली.

“काय चारलं वं हिले?”

“शीरखुर्मा खाल्ला तिनं. ईदले तोंड बांधू का पोरीचं?”

“मंग परसाकडं तरी नेऊन आणाची होती! पाची घरं बुडवली हिनं.”

मास्तरांनी गोणपाट उचलले. पाच आज्यांच्या मधोमध पारड्यात एकच काटकुळी मुलगी खारीक चोखत बसली होती.

“बाकीची मुले?”

“घरी हायेत,” रुखमाबाई म्हणाली. “तुमच्या ज्वारीनं वाढली. गावात हेच एक बारकं उरलं होतं, हिलेच सगळ्याइनं बसवलं.”

“ही फसवणूक आहे.”

“हाव. पण मास्तर, खाल्लं त लेकरू वाढते, अन् वाढलं त तुम्ही नाव कापता. मंग आमी त्याले वाढवाव का नाही, ते सांगा एकडाव.”

उत्तराऐवजी मास्तरांनी नवा नियम शोधला. “पुढल्या आठवड्यापासून आज्यांचे वजन घेऊ.”

“म्हंजे आता आमी उपाशी राहाचं का, मास्तरसाब?” गौसियाबीने विचारले.

पाचही जणी पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिले. उपाशी राहून कमी करण्याजोगे त्यांच्यापैकी एकीच्याही अंगावर काही उरले नव्हते.

त्यांनी गोणपाट सोडून त्याची घडी केली, अमीनाला उतरवले आणि त्याच पारड्यात ज्वारी ओतली. चार शेर, पाच वेळा.

“पुढच्या बाजारी लेकरं आणाची का?” रुखमाबाईने विचारले.

“आणा. सगळी आणा. मोजणार नाही.”

शेवटच्या खेपेला अमीनाने खारकेची चोखलेली बी वजनांच्या पारड्यात टाकली. काटा केसभर ढळला. अचूकतेला धरून मास्तरांनी दुसऱ्या पारड्यात ओंजळभर ज्वारी वाढवली.