मी घडी न मोडलेला हंस

मी हंस बोलतोय. दचकू नका. खरं सांगायचं तर मी एक टॉवेल आहे, पांढरा, जाडजूड, आंघोळीचा. पण माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस मी हंस म्हणून काढले, त्यामुळे ओळख सांगताना तेच आधी तोंडात येतं.

जन्म माझा गिरणीतला. मागाच्या खडखडाटात विणला गेलो, काठ शिवले गेले आणि भावंडांसोबत गठ्ठ्यात बांधून थेट समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर येऊन पडलो. पहिल्याच धुलाईत गरम पाण्यानं अशी काही खरडपट्टी काढली की गिरणीचा सगळा तोरा उतरला.

तिथे माणसं मी जवळून पाहिली. अंगावरची वाळू, तेल, मलम सगळं मला पुसून मलाच जमिनीवर भिरकावणारी पाहिली. सकाळी उजाडायच्या आत पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्चीवर मला पसरून जागा अडवायची आणि स्वतः परत जाऊन घोरत पडायचं, अशीही पाहिली. भर उन्हात रिकाम्या खुर्चीची राखण करताना मला स्वतःचंच हसू यायचं.

खोल्या आवरणाऱ्या मावशींचा हात मात्र मऊ. पाहुणे यायच्या आधी त्या माझे दोन्ही काठ गुंडाळत मध्यापर्यंत आणायच्या, टोकाची चोच करायच्या, मान डौलात उभी करायच्या आणि मला पलंगावर बसवायच्या. पाहुणे ‘वा!’ म्हणायचे आणि घटकाभरात माझी मान धरून मला न्हाणीघरात न्यायचे. हंसाचं राज्य तेवढंच.

एकदा मी हंस होऊन बसलो होतो त्या खोलीत एक कुटुंब उतरलं. मुलगा, सून, त्यांची चिमुरडी आणि आजी. चिमुरडी आल्या आल्या माझ्यावर झेपावली, तशा आजी कडाडल्या, “हां! हात लावायचा नाही. कुणीतरी किती हौसेनं केलाय तो. घडी मोडायची नाही.”

“अगं आई, टॉवेल आहे तो. अंग पुसायला ठेवलाय,” मुलगा म्हणाला.

“घरून पंचे आणलेत, त्यांनी पुसा.”

झालं! मला उचलून खिडकीतल्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, मला जसाच्या तसा पाहून बुचकळ्यात पडल्या आणि नुसती धूळ झटकून गेल्या. जन्मात पहिल्यांदा मला सुट्टी मिळाली होती! खिडकीसमोर नारळाची झाडं, पलीकडे निळंशार पाणी. इतकी वर्षं त्याचं खारट पाणी टिपत होतो, पण समुद्र असा निवांत बघितला तो तेव्हाच.

माझ्या शेजारी आजीही तोच समुद्र बघत बसायच्या. त्यांनी याआधी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. एवढ्यासाठी सुनेनं त्यांना पाण्यात घालायला लांब बाह्यांचा निळा ड्रेस मुद्दाम आणला होता. तो पिशवीतच होता. सून रोज विचारायची, “आई, येताय ना?” आणि आजींकडे रोज नवं कारण तयार. आज ऊन फार आहे. आत्ताच जेवलेय. सामानाकडे कोण बघणार? उद्या येते, नक्की. सून मान डोलवून जायची, पण जाताना तिचा चेहरा उतरलेला मला दिसायचा. माणसांच्या डोळ्यांतलं पाणी टॉवेलला लगेच कळतं.

निघायच्या आदल्या दुपारी मुलगा आणि चिमुरडी वाळूत खेळत होते. सून बॅग भरायला बसली. तो ड्रेस तिच्या हातात आला, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद.

“आई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“मी आणलेलं तुम्ही कधीच घालत नाही. ती राखाडी शाल, त्या चपला, आता हा ड्रेस. आवडत नसेल तर सरळ सांगा. मी नाही आणणार.”

आजी बघतच राहिल्या. “आवडत नाही? अगं, आवडलं म्हणून तर जपून ठेवलंय! ती शाल कपाटात वरच्या खणात आहे. येईल त्याला दाखवते मी, सुनेनं आणली म्हणून.”

“मला कसं कळणार, आई? मला वाटायचं, मला काही निवडताच येत नाही. दुकानात किती वेळ उभी असते हो मी तुमच्यासाठी.” आणि तिला रडूच आलं.

नजर कुठेतरी वळवायची म्हणून आजींनी माझ्याकडे पाहिलं. आता समुद्राच्या दमट हवेत इतके दिवस बसून माझी मान पार लवली होती, चोच टेबलाला टेकली होती.

“याला कुणी हात लावला गं?”

“कुणी नाही. नुसता बसून बसून झालाय तसा.”

आजी उठल्या, ड्रेसची पिशवी टर्रकन फाडली आणि न्हाणीघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पोटावर घडीच्या आडव्या-उभ्या रेघा उमटल्या होत्या. “कशी दिसते?”

“छान. पण मागे लेबल लोंबतंय,” सून रडता रडता हसली आणि तिनं ते दातांनी तोडलं.

आजींनी मला लवलेल्या मानेसकट काखेत मारलं. किनाऱ्यावर मला खुर्चीवर बसवून त्या सुनेचा हात घट्ट धरून पाण्यात शिरल्या. पहिल्या लाटेला अशा किंचाळल्या की मुलगा वाळूतून धावत आला. दुसऱ्या लाटेला हसल्या. मग मात्र बाहेर यायचं नावच घेईनात! “आजी, बास ना आता,” असं शेवटी चिमुरडीनं म्हणावं लागलं.

कुडकुडत बाहेर आल्यावर सुनेनं मला उचललं आणि थबकली.

“बघतेस काय? मोड घडी,” आजी म्हणाल्या. “तो मान तुझा.”

तिनं मला झटकून उलगडलं आणि आजींना लपेटलं. आजींनी तिलाही आत ओढलं. मी दोघींना कसाबसा पुरलो, पण पुरलो.

आता माझे काठ उसवलेत, पोत विरलाय. मावशी मला खिडक्यांच्या काचा पुसायला वापरतात. तक्रार नाही. रोज नव्या खिडकीतून तोच समुद्र दिसतो.

ती राखाडी शाल मात्र मी कधी पाहिली नाही. तुम्हाला कुठे एखाद्या आजींच्या खांद्यावर दिसली, चुरगळलेली, वापरून मऊ झालेली, तर तिला सांगा, हंसानं विचारलंय. आणि अजून वरच्या खणातच असेल, तर तेवढी खाली काढा.