पुरुषोत्तमरावांच्या भुरक्याचा वाडगा

मी एक वाडगा बोलतोय. वाटी म्हणाल तर रागावेन. माझ्यात दोन माणसांची आमटी सहज मावते. माती जपानची, मुक्काम सध्या इंग्लंडातलं मेडनहेड, स्वयंपाकघरात किटलीच्या शेजारी.

एका जपानी कुंभारानं मला चाकावर फिरवलं, निळसर झिलई दिली आणि भट्टीत लोटलं. त्या भट्टीची आठवण आली की अजून अंगावर काटा येतो. तिथून कोबे शहरातल्या एका भांड्यांच्या दुकानात आलो आणि आठ महिने धूळ खात पडलो. गिऱ्हाइकं मला उचलायची, उलटं करून बुडाकडे बघायची आणि परत ठेवून द्यायची. भांड्याच्या बुडात माणसांना एवढं काय दिसतं, देव जाणे!

२००२ च्या उन्हाळ्यात पुण्याचे पुरुषोत्तमराव दुकानात शिरले. त्यांचा मुलगा मिलिंद कंपनीच्या कामासाठी कोबेला राहत होता. त्याच्याकडे, सून निवेदिता आणि चार वर्षांची नात सारा यांच्याकडे, ते तीन महिन्यांसाठी आले होते. जपानी भाषेचा त्यांना गंध नव्हता. त्यांनी मला दोन्ही हातांत धरलं, तोंडाला लावून नुसतंच पिऊन दाखवलं आणि दुकानदाराकडे बघून मान डोलावली. मी तिथेच त्यांचा झालो.

रोज काहीतरी नवं खाऊन बघायचं, असं आजोबा-नातीनं ठरवूनच टाकलं होतं. किसलेल्या बर्फावर हिरवंगार सरबत पडलं की आजोबा म्हणायचे, "हा तर आपला गोळा. काडी लावायची विसरलेत बघ." माशाच्या आकाराचा गोड केक घरी आला, तेव्हा आमचे शाकाहारी आजोबा खुर्ची मागे सारून बसले. सारानं त्या माशाचं पोट फोडून आतलं कडधान्याचं गोड पुरण दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी शेपटीपासून सुरुवात केली. "पुण्यात कुणाला बोलू नकोस हं," असं वर बजावलं. एकदा सोमेन नावाच्या बारीक नूडल्स बघून त्यांना शेवयांची आठवण झाली. तुपावर परतून, दूध-साखर घालून त्यांनी स्वतः खीर केली. त्या नूडल्सच्या पिठातच भरपूर मीठ असतं, त्या उकळून पाणी फेकून द्यायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार? ती खारट खीर माझ्यात चार दिवस फ्रिजमध्ये बसून होती. कुणाला खाववेना आणि आजोबांना टाकवेना.

पण माझं खरं सुख म्हणजे उदोन. जाड, गुबगुबीत नूडल्स आणि वाफाळतं सूप. बाहेरच्या सुपात मासळी असते म्हणून निवेदिता वाळवलेल्या मश्रूमचं सूप घरीच करायची. शेजारच्या जपानी आजींनी एकदा खाणाखुणा करून शिकवलं की नूडल्स आवाज करत ओढायच्या, म्हणजे जीभ भाजत नाही आणि करणारीलाही बरं वाटतं. आमटीच्या भुरक्यावरून जन्मभर बोलणी खाल्लेल्या पुरुषोत्तमरावांना पहिल्यांदाच कुणीतरी शाबासकी दिली होती! मग काय, आजोबांनी एक भुरका मारायचा, सारानं दुसरा. शिंतोडे भिंतीपर्यंत जायचे. मला तर स्वर्ग दोन बोटं उरायचा.

२००४ मध्ये मिलिंदची बदली इंग्लंडला झाली. साराच्या स्वेटरमध्ये गुंडाळून मला मेडनहेडला आणलं. तीन वर्षांनी आजोबा आले, सहा महिन्यांसाठी. सारा आता नऊ वर्षांची होती आणि भरभर इंग्रजी बोलत होती.

एके दिवशी तिची शाळेतली मैत्रीण हॅरिएट संध्याकाळच्या जेवणाला, म्हणजे इथल्या भाषेत टीला आली. निवेदितानं मुद्दाम उदोन केलं. आजोबांनी मला जवळ ओढलं आणि मनापासून एक भुरका मारला. हॅरिएटचा काटा हवेतच थांबला. मग ती फिसकन हसली.

"आजोबा, स्टॉप इट! इट्स डिसगस्टिंग!" सारा ओरडली. "असा आवाज नका करू. माझा फ्रेंड बघते."

आजोबांनी चॉपस्टिक्स माझ्या काठावर ठेवल्या. "सॉरी हं बाळ," ते म्हणाले. उरलेलं सूप त्यांनी चमच्यानं, अजिबात आवाज न करता संपवलं.

दुसऱ्या दिवसापासून सारा घरी यायच्या आतच ते जेवून घेऊ लागले.

"बाबा, तुम्ही हल्ली तीनलाच जेवता?" निवेदितानं विचारलं. "सारा आली की बसा ना तिच्याबरोबर."

"वय झालं गं. भूक लवकर लागते."

साफ खोटं! ताटात निम्मी पोळी तशीच राहायची. मला मात्र फ्रिजवरच्या कपाटात, केकच्या डब्यामागे ढकललं गेलं. माणसं फार विचित्र असतात. परक्यानं काही म्हटलं तर भांडतात, आणि आपल्या माणसानं म्हटलं तर गुपचूप वेळ बदलतात.

आजोबा पुण्याला निघायच्या दोन दिवस आधी सारा खुर्चीवर चढली. मला खाली काढलं, धुतलं, पाकिटातल्या नूडल्स किटलीच्या पाण्यात भिजवून आजोबांपुढे ठेवल्या.

"आजोबा, आज आवाज करा ना. आय ॲम सॉरी."

"कशाबद्दल गं? मी तर विसरूनही गेलो." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ओठ पुढे केले, नूडल्स ओढायला गेले आणि नुसता खोकला आला. "जमत नाही आता. सवय मोडली."

दोघं काट्यानं मुकाट जेवली. मला तिथेच तडा जातो की काय, असं वाटलं.

आजोबा पुण्याला परतले. दर रविवारी पुण्याहून फोन यायचा. "कशी आहेस?" "फाइन." "अभ्यास?" "गुड." मग लगेच, "मम्माला देते." फोन ठेवला की सारा तिथेच बसून राहायची.

"मम्मा, आजोबा आता रागावत पण नाही माझ्यावर," ती एकदा म्हणाली आणि रडायला लागली.

तेव्हापासून ती माझ्यातच जेवू लागली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी हॅरिएट घरी आली होती. बारा वाजत आले होते, म्हणजे पुण्यात चहाची वेळ. माझ्यात उदोन वाफाळत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"कशी आहेस?" आजोबांनी विचारलं.

सारानं फोन स्पीकरवर टाकला, माझ्याजवळ ठेवला आणि हॅरिएटकडे बघितलं. साराचे कान लाल झाले होते. मग तिनं असा दणदणीत भुरका मारला की सूप थेट हॅरिएटच्या कपाळावर उडालं.

"सारा!" हॅरिएट किंचाळली.

"दॅट्स हाउ यू ईट इट," सारा म्हणाली. "माय ग्रँडफादर टॉट मी."

मिलिंदला वाटलं, लाइन गेली. मग कपबशीचा बारीक आवाज झाला आणि पुण्याहून चहाचा भुरका आला. चांगला लांबलचक, बिनधास्त.

"कुणावर उडालं गं?" आजोबांनी विचारलं.

"हॅरिएटच्या कपाळावर!"

आजोबा हसत सुटले. सारा हसता हसता डोळे पुसत होती. हॅरिएटनं कपाळ पुसलं आणि मला स्वतःकडे ओढलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. माझ्या काठाचा टवका उडालाय, बुडाशी एक बारीक रेघ आलीय. तरी सारा मला दुसऱ्या कुणाला धुवू देत नाही. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. रविवारी बाराच्या सुमारास आमच्याकडे फोन करू नका. लाइन लागणार नाही.