बाईसाहेबांच्या अंगावरचे ठिपके

बुधवारी सकाळी बाईसाहेबांच्या अंगावरचे पांढरे ठिपके गेले, आणि सॅम पेझारकरला कित्येक महिन्यांनी चहाची चव लागली.

बाईसाहेब म्हणजे मासा. गर्द निळा, पिवळ्या शेपटीचा, हाताच्या पंजाएवढा. सॅमच्या बायकोने, एस्सीने, नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली तेव्हा सगळ्यात आधी हिला आणलं होतं. पोवळी, शंख, बाकीचे मासे मागून आले. हिचा तोरा बघून एस्सीनेच ते नाव ठेवलं. एस्सी एप्रिलमध्ये गेली. कॅलगरीहून मुलगा, बोअझ, फोनवर म्हणाला, "डॅड, गिव्ह इट अवे. इट्स टू मच वर्क." सॅमने तिकडे बर्फ किती पडला ते विचारलं.

डिसेंबर लागला आणि बाईसाहेबांच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटावेत तसे ठिपके उठले. त्या दगडांना अंग घासू लागल्या. हा रोग मासे मारतो, एवढं सॅमला माहीत होतं. औषध होतं, पण त्यात तांबं असतं. टाकीत घातलं की पोवळी मरतात. म्हणजे उरला तो यूव्हीचा दिवा. टाकीखालच्या कपाटात एक काळी नळी होती. पंप टाकीतलं पाणी तिच्यातून फिरवायचा. आत निळा दिवा, आणि पाण्यात तरंगणारा जंतू त्याच्या उजेडातून गेला की मेला. सॅमने सगळा जन्म कारखान्यात लेथवर काढलेला, यंत्राचं त्याला भय नव्हतं. त्याने नळी उघडली, आतली काच व्हिनेगरने पुसली, नवा दिवा बसवला आणि वाट बघितली. बुधवारी ठिपके गेले.

शुक्रवारी पावणेपाचलाच सूर्य बुडाला. त्याआधी सॅमने शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याच्या, मेणबत्त्या लावल्या. हे काम एस्सीचं. हॉस्पिटलात तिने त्याचा हात धरून सांगितलं होतं, "मी गेल्यावर दिवे तू लाव. आणि शब्बाथ पाळ, निदान वर्षभर. जन्मभर शनिवारी ओव्हरटाइम केलास." सॅम हो म्हणाला होता. त्याच्या हातून तिला द्यायचं एवढंच राहिलं होतं, म्हणून तो शब्द त्याने घट्ट धरला. शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारी रात्र पडेपर्यंत तो बटणाला हात लावत नसे. दिवे टायमरवर लागत आणि टायमरवरच विझत.

जेवायला दोघं आली होती. एस्सीची धाकटी बहीण अडिना, जी दर शुक्रवारी डबा घेऊन येई, आणि वरच्या मजल्यावरचा मिलिंद. मिलिंद पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. त्याच्याकडेही अशीच टाकी होती. तो महिनाभर भारतात जाऊन कालच परतला होता.

अडिनाने नारळाच्या दुधातली माशांची आमटी वाढली.

"काका, टाकीसमोर बसून मासे खाताय? त्यांना काय वाटेल?" मिलिंद म्हणाला.

"हे ग्रोसरीतले आहेत. टाकीतल्यांचे नातलग नव्हेत," अडिना म्हणाली. "तू गप जेव."

सॅम हसला. मग त्याने अभिमानाने बाईसाहेबांची हकीकत सांगितली: ठिपके कसे आले, दिवा कसा बदलला, बुधवारी कसे गेले.

मिलिंदने घास खाली ठेवला. "सगळे एकदम गेले?"

"एकूण एक."

"काका, ते गेले नाहीत. पडलेत." तो उठून टाकीपाशी गेला. "ठिपका पिकला की माशावरून गळतो आणि वाळूत जाऊन बसतो. तिथे एकाचे शेकडो होतात. तीन-चार दिवसांनी फुटायला लागतात. मग ती पिल्लं पोहत निघतात, परत माशावर बसायला. पहिल्यापेक्षा दुसरी खेप वाईट."

सॅमने कपाटाकडे बोट केलं. "पण दिवा आहे ना. पोहत निघाले की दिव्यातून जातील."

"हो, त्याच्यासाठीच तो दिवा. ते फुटतात रात्री, अंधारात. तेव्हा दिवा चालू पाहिजे. रात्रभर चालू असतो ना?"

सॅमने वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. कपाटात टायमर खट् वाजला. टाकीवरचे दिवे गेले, आणि कपाटाच्या फटीतून जमिनीवर पडणारी निळी रेघही गेली.

"हे काय?" मिलिंद म्हणाला.

"टाकीच्या दिव्यांबरोबर तोही टायमरवर टाकलाय मी," सॅम म्हणाला. "रोज रात्री बंद होतो. एस्सी गेल्यापासून."

"अहो, का पण?"

सॅमला सांगणं जड गेलं. "हॉस्पिटलात तिच्या उशाशी रात्रभर दिवा असायचा. विझवतच नसत. झोप नाही, झोप नाही म्हणायची. घरी आलो तर ही निळी रेघ रात्रभर दिसायची. मला वाटलं, माशांना तरी झोप मिळू दे."

"काका, नळी बंद असते, टोकाच्या झाकणातून जरासा उजेड गळतो तेवढाच. टाकीत तो उजेड जातच नाही."

"आता कळलं," सॅम म्हणाला.

टाकीत आता काळोख होता. त्या वाळूत काय काय फुटायच्या बेतात आहे, ते कुणाला दिसणार नव्हतं. उद्या रात्र पडेपर्यंत थांबायचं, तर आजची अख्खी रात्र हातची जाणार होती. आज शेकडो सुटले तर उद्या दिवा लावून काय उपयोग?

मिलिंद खाली वाकला. "सरका, मी लावतो. मला कुठला शब्बाथ?"

"थांब," सॅम म्हणाला.

"भावजी, करू दे की त्याला," अडिना म्हणाली. "त्याला माफ आहे. सांगून करून घ्यायचं नसतं, पण तुम्ही थोडंच सांगितलंत? तो आपणहून करतोय."

"बंद मी केला होता."

"म्हणून मासा मारणार?"

"माणसाचा जीव असता तर विचार करायचा प्रश्नच नव्हता. हा मासा आहे, अडिना. आणि शब्द मी तुझ्या बहिणीला दिलाय."

अडिनाने हात पदराला पुसले. शब्बाथच्या बाबतीत ती घरात सगळ्यांत कडक. सॅमला वाटलं, आता ही विषय मिटवून टाकेल.

"रेवदंड्याला आमच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता," ती म्हणाली. "शनवार तेली म्हणायचे आपल्या लोकांना. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. एका शनिवारी बैलाच्या गळ्याला दावं आवळलं. आजोबांनी कोयता घेतला आणि कापलं. विचारायला गावात कुणी रब्बी नव्हता. बैल होता, तो डोळे पांढरे करत होता."

"आणि पाप?"

"ते त्यांनी आणि देवाने आपापसात बघून घेतलं. ही गोष्ट एस्सीच सगळ्यांना सांगायची. तुम्हाला कधी सांगितली नाही?"

सांगितली असेल. शुक्रवारी सॅम सेकंड शिफ्टला असायचा.

मिलिंद अजून वाकलेलाच होता. "मग लावू का?"

"तू सरक," सॅम म्हणाला. "शब्द मोडायचा तर मी मोडीन. शेजाऱ्याकडून मोडून घेणार नाही."

तो गुडघ्यांवर बसला. कपाटात अंधार होता आणि ओलसर मिठाचा वास. चाचपडत त्याने दिव्याची पिन टायमरमधून उपसली आणि शेजारच्या साध्या सॉकेटात दाबली. फटीतून निळी रेघ पुन्हा जमिनीवर पडली.

"एवढ्याने वाचेल?" त्याने विचारलं.

"खात्री नाही देत, काका. नळीतून जाईल तेवढंच मरतं. पाणी जरा हळू सोडलं तर जास्त मरतं."

सॅमने पुन्हा हात घातला आणि नळीचा कॉक अर्धा फिरवला. "मोडलाय तर पुरता मोडू."

"मी काही बघितलं नाही," अडिना म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

सकाळी टाकीचे दिवे लागले तेव्हा सॅम कोट घालून समोर उभा होता. एस्सीसाठी कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला सिनेगॉगला जायचं होतं. त्याला दहा माणसं लागतात, या थंडीत ती जमताना मारामार, आणि दहावा बहुतेक तोच असायचा. तरी त्याचा पाय निघेना. बाईसाहेब दगडाआडून बाहेर आल्या. सॅमने काचेला नाक लावलं. कल्ल्यापाशी एक ठिपका. वरच्या पंखावर आणखी एक. पलीकडची बाजू दिसायला तो टाकीला वळसा घालून गेला. त्या बाजूला काही नव्हतं. की नीट दिसत नव्हतं? तो परत अलीकडे आला.

त्याने शेवाळाचा तुकडा चिमटीत धरून पाण्यात सोडला. बाईसाहेब आल्या, थांबल्या, मागे सरल्या. सॅमने श्वास धरला. मग त्या पुढे झाल्या आणि त्यांनी एक लचका तोडला. मग दुसरा.

उशीर झाला होता. बाथर्स्ट रस्त्याच्या फुटपाथवर बर्फ निसरडा होता, तरी तो भराभर चालला. कद्दिशआधी एस्सीला काय सांगायचं, ते तो मनात जुळवत होता. शब्द मोडला, एस्सी. बाईसाहेब जेवल्या. ठिपके दोन आहेत.