फोन फिरवा की, वन्सं

"दुसऱ्याच्या घरात गेलं की आदी माणूस बघावं बाई, मग भिती," असं विठाबाईंनी नव्या सुनेला पहिल्याच दिवाळीत सांगितलं होतं. पदवीधर संयोगितानं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

पुढं तिची नणंद प्रियदर्शनी शाळेतून निवृत्त झाली आणि तिनं कळंब्यातला फ्लॅट विकायला काढला. संयोगिता कधीची त्यावर डोळा ठेवून होती. घरातल्या घरात जरा कमी भावात मिळेल, बाळाला खोली होईल. एरवी कळंब्यात आता भाव विचारायचा तर आधी बसायला खुर्ची मागावी लागते. पण फ्लॅट गेला बाहेरच्याला, आणि वन्सं गेल्या मालवणच्या अलीकडं, समुद्राकाठी निवृत्तांच्या वसाहतीत, एकट्याच, बंगली घेऊन.

"भावाला दिला असता तर हितं आलो असतो व्हय गं?" त्या हसून म्हणाल्या. "पुण्या-मुंबईच्यांनी हितलाबी भाव चढवून ठेवलाय. गावची पोरंच भाड्यानं ऱ्हात्यात."

भाड्यानं. तो शब्द संयोगिताला कुसळासारखा रुतून बसला.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. मांडीवर बाळ, समोर घरमालकाची पोपडे आलेली भिंत.

"वन्सं, फोन फिरवा की. बाल्कनी दाखवा."

वन्सं फिरवायच्या. समुद्र, पितळी कड्यांचा झोपाळा. पुढच्या रविवारी ओटा, मग न्हाणीघराच्या फरश्या. एकेक खोली डोळ्यांनी ओरबाडून झाली की संयोगिता दिवसभर भांडी आपटायची.

"तुमच्या ताईंना झोपाळा. आणि आपल्या बाळाचा पाळणा मोरीच्या दारात."

"मग बघतीस कशाला?" नवरा, राजवर्धन, विचारायचा.

"त्या दाखवतात म्हणून."

परवाच्या रविवारी तिकडं धुवाधार पाऊस होता. "वन्सं, पडदे नवीन का?" संयोगितानं विचारलं, तेवढ्यात विठाबाईंनी तिच्या हातातला फोन ओढला.

"बास झाला तुमचा समुद्र. पोरीचं तोंड दाव मला. पावसाळा लागल्यापासनं दिसली न्हाय."

पडदे हलले, आणि फोन हळूहळू फिरला. कपाळाला पट्टी, एक डोळा सुजून काळानिळा, गाल आत गेलेले.

"अंगणात शेवाळ आलंय, आई. घसरलो."

"शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दवाखान्यात न्हेलं न्हाय?"

"शेजारी कुठलं? भाव वाढंल म्हणून घरं घ्यून ठेवल्यात. दिवाळीला येत्यात, जात्यात. आता समद्यास्नी कुलपं. कुलपास्नीच हाका मारत बसलो हुतो."

"आगं, मग सांगायचं न्हाईस?"

प्रियदर्शनीनं आईच्या खांद्यावरून संयोगिताकडं बघितलं. "कुणी इचारलंच न्हाय की."

तेवढ्यात चित्र थिजलं आणि फोन बंद पडला. तेव्हापासून लागत नाही. घाटात दरड आल्यानं राजवर्धन अर्ध्या वाटेतून परत आला. उद्या दुसऱ्या घाटानं निघणार आहे. बाळ लहान, संयोगिताला हलता येत नाही. ती फोनवर फोन लावतेय आणि भेटेल त्याला सांगतेय.

तुम्हालाही सांगते. त्या बाजूला असाल तर वसाहतीतलं समुद्राकडचं शेवटचं घर, तेवढं जाऊन बघा. बेल वाजवा, दार उघडेपर्यंत हलू नका. झोपाळ्याकडं लक्ष जाईल, झोपाळा आहेच तसा. पण आधी त्यांचं तोंड बघा, आणि जेवलात का ते विचारा.