झिजलेली तबकडी

क्लिफर्डच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत ढोलाला जागा नव्हती. "ढोल, जटा, गांजाचा वास, सगळं फाटकाबाहेर!" असं तो येईल त्याला ऐकवायचा. आणि त्याच्याकडे गाणाऱ्या आयोनीला तर काकाच्या ढोलाशिवाय गायचंच नव्हतं. आता करा काय करायचं ते!

काका म्हणजे आल्विन, जटा राखणाऱ्या पंथातला. त्याचा ठेका त्याच्या पणजोबांचा. ऊसमळ्यावर गोऱ्या मालकांनी ढोलावर बंदी आणली, तेव्हा पणजोबा तोच ठेका मांडीवर वाजवायचे. पुढे पोलिसांनी काकाच्या जटा भर चौकात कापल्या, आणि शेजारपाजार नुसता बघत राहिला. आयोनीचं डोकं त्या आठवणीनं अजून तापायचं. नाचाच्या चालींत स्का मागे पडला होता, रॉकस्टेडी जुनी होत आली होती, नव्या चालीला पोरं रेगे म्हणू लागली होती. मग त्यात काकाचा ठेका का नको? तो तबकडीवर चढलाच पाहिजे, तोही काकाच्या नावासकट, एवढंच तिनं मनात धरलं होतं.

रोज भांडून भांडून शेवटी पैज लागली. क्लिफर्डनं नाक मुरडत ढोलासकट गाणं टेपवर घेतलं आणि एकच कच्ची तबकडी कापली. किंग्स्टन शहराची रीतच ती. गाणं आधी नाचाच्या अंगणात लावायचं, लोकांनी कुंपणाचे पत्रे बडवून पुन्हा मागितलं तरच कारखान्यात तबकड्या काढायला पाठवायचं.

"रविवारी दुपारी लावतो," तो म्हणाला. "लोकांनी तोंडं फिरवली, की तू मी सांगेन तसं गायचं. गोड गोड, बिनढोलाचं."

"आणि नाही फिरवली तर लेबलवर काकाचं नाव," आयोनी म्हणाली. "लावाच पैज, बॉस. तुमचं तोंड बघायला मजा येईल."

रविवारी ऊन मी म्हणत होतं. काका लांब कुंपणापाशी उभा राहिला. क्लिफर्डनं स्वतः सुई टेकवली. ढोल सुरू झाला, संथ, पहिला ठोका रिकामा सोडून. माणसं जागची हलेनात.

"अगं बाई, कुणी मेलं की काय?" मासेवाली म्हातारी म्हणाली. क्लिफर्डला हसू आवरेना.

आयोनी मात्र निवांत होती. बास गिटार आत शिरली आणि त्या म्हातारीचाच गुडघा सगळ्यात आधी वाकला. मग खांदे हलले, मग अख्खं अंगण. गाणं संपायच्या आत पत्रे दणाणले. "पुन्हा! लाव रे पुन्हा!"

पुन्हा लावली. परत पुन्हा. कच्ची तबकडी मऊ असते, दर खेपेला सुई तिला खात जाते. आधी झांजा गेल्या, मग आयोनीचा आवाज खरखरीत विरायला लागला.

"बस! मेली तबकडी!" क्लिफर्ड ओरडला.

"टेप आहे ना?"

"ती पुसून मी तिच्यावर दुसऱ्याचं गाणं घेतलं. हे चालेल असं मला काय स्वप्न पडलं होतं?"

हसावं की याच्या कानाखाली वाजवावी, आयोनीला कळेना. तिचं सगळं गाणं आता त्या झिजलेल्या तबकडीत उरलं होतं.

"लावा," ती म्हणाली.

"अगं, तुझा आवाजच उरला नाही त्यात!"

"लावा म्हणते ना!"

लावली. तिचा आवाज खरंच गेला होता. पण खालचे जाड सूर सुईला पुरून उरतात. बास होती, आणि ढोल होता, ठणठणीत. शब्द लोक म्हणत होते, सगळ्यांना पाठ झाले होते.

क्लिफर्डनं घाम पुसला. "हरलो बाई. लेबलवर नाव घालतो. उद्या परत रेकॉर्ड करू, त्याला घेऊन ये."

"मी कशाला? तो काय तिथं उभा आहे. तुम्हीच बोलवा."

क्लिफर्ड गर्दीतून वाट काढत कुंपणापाशी गेला. सगळं अंगण बघत होतं. त्यानं टोपी काढली. "आल्विनदादा, येता का उद्या स्टुडिओत?"

काकानं त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "येईन. पण आत्ता गप उभा राहा जरा. जन्मभर ढोल वाजवला, लांबून कधी ऐकला नव्हता."

आणि क्लिफर्ड टोपी हातात धरून त्याच्या शेजारी उभा राहिला, गाणं संपेपर्यंत.