उलट्या बिल्ल्यांची पाटी

माझी पणजी दगडी होती. तिच्यावर खडूने रजा मांडत आणि ओल्या हाताने पुसत. आजी बांधीव वही होती. धुलाईघराच्या वाफेने तिची पाने चिकटली. आई पत्र्याची, ती गंजून गेली. त्यांच्यानंतर आले मी, रुग्णालयाच्या धुलाईघरातील रजेची सागवानी पाटी. मित्रांनो, नीट बसून ऐका. मला दोनदा सांगण्याची सवय नाही.

माझ्यावर प्रत्येक बाईची एक खुंटी होती आणि खुंटीवर तिच्या रजेचे पितळी बिल्ले. रजा घेतली की बिल्ला उतरायचा. एकीने आपला दिवस दुसरीला दिला, तर तो बिल्ला घेणारीच्या खुंटीवर उलटा टांगला जाई आणि फेड होईपर्यंत तसाच राही. मुकादम येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्यासमोर उभे करून माझे कौतुक सांगत.

एकदा घडीवालीची मुलगी आजारी पडली आणि तिची रजा तर संपलेली. थोरल्या इस्त्रीवालीने आपले चार बिल्ले तिच्या खुंटीवर उलटे टांगले.

"ताई, हे कधी फेडू मी?"

"फेडशील गं. पळून जाशील तरी कुठे, दाराशी मुकादम बसलेत."

पुढे संगणक आला. चादरी किती, हात किती, रजा कोणाला द्यायची, हे सारे तोच ठरवू लागला. मुकादमांनी माझे सुलटे बिल्ले मोजून त्यात भरले. उलट्यांसाठी त्यात रकाना नव्हता, म्हणून ते सोडून दिले. मला साबणाच्या पोत्यांमागे टेकवून ठेवले.

त्याच वर्षी इस्त्रीवालीचा नवरा अंथरुणाला खिळला. तिची रजा दवाखान्याच्या खेपांत संपली होती. डॉक्टरांनी आता थोडेच दिवस उरल्याचे सांगितले. तिने अर्ज केला. उत्तर आले, शिल्लक शून्य.

"बाई, माझ्या हातात असतं तर दिली असती," मुकादम म्हणाले.

"तुमच्याच हातात होतं की," ती म्हणाली आणि इस्त्रीकडे वळली.

घडीवाली तीन दिवस खाली मान घालून घड्या घालत राहिली. दुसरीच्या जागी उभे राहिल्याचे उघड झाले, तर नोकरी जाईल, ही तिला धास्ती. चौथ्या दिवशी ती मुकादमांपुढे गेली.

"माझी या वर्षीची चार दिवस रजा लावा. ताईच्या जागी, तिच्याच नावावर, मी इस्त्री करते."

"मशीनला कळलं तर?"

"मशीन काय येऊन बघतंय?"

घडीच्या टेबलावर हात जास्त होते. संगणकाने रजा तत्काळ मंजूर केली, उद्यापासून. इस्त्रीवालीने हातातली चादर पुरी केली. तेवढ्यात तिचा पुतण्या दाराशी आला. "काकू, चला," एवढेच तो म्हणाला. काका दुपारीच गेले होते.

मित्रांनो, नवे यंत्र आणा, माझी ना नाही. परंतु जुनी पाटी उतरवण्यापूर्वी तिच्यावर जे टांगलेले आहे, ते शेवटपर्यंत वाचा. माझे ऐकायला आता कोणी येत नाही, तरी सांगते.

ते चार दिवस घडीवालीने इस्त्री केली. रोज काम सुटल्यावर ती पोत्यांमागे येई, आपल्या खुंटीवरचा एक उलटा बिल्ला काढी, पदराने पुसून इस्त्रीवालीच्या खुंटीवर सुलटा टांगी. चौथ्या संध्याकाळी माझ्यावर एकही उलटा बिल्ला उरला नाही.