दुर्मिळ गुलाबी पाकळी

सर्व्हेअरसाहेब विमा कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही खोटा दावा सुटल्याची नोंद नव्हती. जळालेल्या गोदामात नुसतं उभं राहून आग लागली की लावली, हे ते सांगत. घरात मात्र नऊ वर्षं त्यांच्या नाकासमोर एक खोटी पाकळी होती आणि साहेबांना तिचा पत्ता नव्हता.

पाकळी त्यांच्या बायकोने केली होती.

बायको दातांच्या लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या बनवायची. साहेब जमवायचे इंग्लंडची जुनी भांडी. आयर्नस्टोन नावाची जाडजूड चिनीमाती, तिच्यावर निळी छापील वेलबुट्टी आणि त्या बुट्टीत तिकडच्या कारखान्यातल्या बायकापोरींनी हाताने भरलेले रंग. नावात लोखंड होतं, दगडही होता. पण हातातून सुटली की ती साध्या बशीसारखीच फुटायची. असे एकशे चौदा नग दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटांत विराजमान होते. ही दोघं स्टीलच्या ताटांत जेवत.

साहेबांचा कायदा होता, डागडुजी केलेला नग कपाटात राहणार नाही, तो स्वयंपाकघरात जाईल. आजवर एकही गेला नव्हता, कारण साहेब पारखून घेत. पुतणीने एकदा एक झाकण फोडलं, तेव्हा ते एकवीस दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते. म्हणून मोठ्या फुलाच्या ताटलीचा नळाला लागून टवका उडाला, तेव्हा बायकोने ती गुपचूप टॉवेलात गुंडाळून लॅबमध्ये नेली, जेवणाच्या सुट्टीत टवका बुजवून वर गेलेली पाकळी रंगवली आणि संध्याकाळी जागेवर ठेवली.

इथवर सगळं ठीक होतं. पण गेल्या वर्षी साहेबांनी त्या पाकळीवर अकरा पानी लेख लिहिला.

संग्राहक मंडळाच्या अंकात तो पहिल्या पानापासून छापून आला. कुंचल्याच्या फटकाऱ्यांवरून साहेबांनी सिद्ध केलं होतं, की ही पाकळी रंगवणारी स्त्री डावखुरी होती, अत्यंत कसबी होती, घाईत होती आणि बहुधा कुणावर तरी चिडलेली होती. ‘हा गुलाबी रंग अन्य कोणत्याही ज्ञात नगावर आढळत नाही,’ असंही त्यात होतं. ते खरंच होतं. तो हिरडीचा रंग होता. कवळ्यांसाठी लॅबमध्ये त्याचा किलोचा डबा असे.

आणि आज मंडळाचे अध्यक्ष ताटली बघायला आले होते. नव्या सूचीच्या मुखपृष्ठावर ती घ्यायचं चाललं होतं. त्यांनी बॅगेतून एक जांभळ्या उजेडाची बॅटरी काढली.

“पडदे ओढा, वहिनी. जुना रंग गप्प बसतो, नवा बोलतो. आपली एक औपचारिकता हो.”

वहिनींनी पडदे ओढले. दुसरं काही ओढण्यासारखं नव्हतं.

ताटली काळोखात गेली. पाकळी मात्र दुकानाच्या पाटीसारखी झगझगली.

“अरेरे,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचाही संग्रह होता, त्यामुळे आवाजात दुःख बेताचंच होतं. “आता आलोच आहे तर बाकीचे नगही बघू का?”

बाकीच्यांत आणखी नऊ चमकले. कुणाची कड, कुणाचा पक्षी, एकाचं तर अख्खं हँडल. साहेब खुर्चीत बसले.

“ही ताटली त्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याकडून घेतली होती,” ते म्हणाले. “उघडउघड फसवणूक. उद्याच पत्र लिहितो. मंडळाच्या यादीतून त्याचं दुकान काढा.”

म्हातारा दुकानदार सरळ माणूस होता. ताटली त्याने अखंड विकली होती. बायकोने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला आणि मनातल्या मनात एकवीस दिवसांची तयारी केली.

“त्यांचा काही संबंध नाही. बाकीच्या नऊंचं मला माहीत नाही, पण ती पाकळी माझी आहे.”

अध्यक्ष चहाकडे बघू लागले. साहेबांनी खिशातून पेन काढलं. जळक्या गोदामात काढायचे तसंच.

“कधी?”

“नऊ वर्षं झाली.”

“कोणत्या हाताने?”

“मला दुसरा कोणता येतो?”

साहेबांनी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती.

“घाईत?”

“सुट्टी अर्ध्या तासाची असते.”

“आणि... राग वगैरे?”

“त्या दिवशी लॅबमध्ये मला मुख्य तंत्रज्ञ केलं. छोटा समारंभ होता. तुम्ही लिलावाला गेला होतात.”

साहेबांनी लेखाचा अंक काढला आणि सातव्या पानावर एकेका ओळीपुढे बरोबरची खूण केली.

“सगळं जुळतंय,” ते शेवटी म्हणाले. “फक्त काळ चुकला. दीडशे वर्षांनी.”

“तेवढंच,” अध्यक्ष म्हणाले. “पण लेख मागे घ्यावा लागेल.”

“मागे कशाला? निरीक्षण चोख आहे. दुरुस्ती छापा.”

कायद्याप्रमाणे त्यांनी स्वतः नऊ नग उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. दहावीला बायकोने हात घातला, तर ते म्हणाले, “ती राहू दे.”

“का हो? डागडुजीच ना ती?”

“डागडुजी त्या नऊंची. ती कुणी केली, कुणाला ठाऊक? हिची रंगवणारी माहीत आहे. एकशे चौदांतली एकमेव.”

त्यांनी ताटलीखालच्या चिठ्ठीवरचं ‘चित्रकर्ती : अज्ञात’ खोडलं आणि सुवाच्य अक्षरात ‘पत्नी’ लिहिलं. बायकोने चष्मा लावून वाचलं.

“पत्नी काय? हुद्दा लिहा.”

साहेबांनी ‘पत्नी’ही खोडलं आणि लिहिलं, ‘मुख्य दंत-तंत्रज्ञ’. मग थोडं थांबून ‘डावखुरी’.

अध्यक्ष जेवायला थांबले. ज्याचं डावं हँडल खोटं निघालं होतं त्या भांड्यातून बायकोने आमटी वाढली, उजवं हँडल जपून धरून.